सेंटर कोर्टवरचा पाहण्याचा कार्यक्रम

बाबा गेले त्याला अकरावा महिना लागला, तेव्हा लातूरच्या काकांनी मला पुण्याला टेनिसची मोठी स्पर्धा बघायला नेलं. आमच्या घराण्यात कुणी कुणाला खेळ बघायला नेल्याचं याआधी ऐकिवात नाही. काका लातूरला क्लासेसच्या मुलांसाठी होस्टेल चालवतात. त्या होस्टेलात साधा कॅरम बोर्डही नाही, कारण खेळाने टक्के घसरतात असं काकांचं ठाम मत आहे. असा माणूस स्वतःचं डिझेल जाळून, सहा-सात तास गाडी चालवून, ज्यांची नावं त्याला उच्चारता येत नाहीत अशा परदेशी खेळाडूंचं टेनिस बघायला निघतो, तेव्हा कारण टेनिस नसतं. कारण लग्न होतं. माझं.

आमच्याकडे घरातलं मोठं माणूस गेलं की त्या घरातलं अडलेलं लग्न वर्षाच्या आत उरकून घेतात. वर्ष उलटलं की मग तीन वर्षं थांबायचं. असं का, हे मी बऱ्याच जणांना विचारून पाहिलं. काका म्हणाले, "असतं तसं." काकू म्हणाल्या, "मोठ्या माणसानं ठरवलंय काहीतरी इचार करूनच." गुरुजींना विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं, "वय काय तुमचं?" मी तेव्हा चौतिशीत होते. नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होते, अजूनही करते. बाबा असेपर्यंत माझं लग्न हा घरात अधूनमधून निघणारा विषय होता. बाबा गेल्यावर त्याला मुदत आली.

मला मात्र ते वर्ष हवं होतं. पूर्ण. मी काही फार देवाधर्माची नाही. पण एखादा माणूस गेला तर त्याच्यासाठी नुसतं गप्प बसायला एक वर्ष मिळतं, आणि त्यात कुणी हळद, हॉल, साड्या यांची नावं काढत नाही, ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटत होती. तेवढी एक गोष्ट मला आमच्या रीतीरिवाजांकडून हवी होती. आणि रीतीरिवाजांचे सगळे जाणकार मिळून ती माझ्याकडून काढून घ्यायला निघाले होते.

तशी त्या वर्षात शांतता मिळाली होती असंही नाही. आमच्या नांदेडच्या घरी पहिल्या दिवसापासून माणसं भेटायला येत होती. तेरावा झाला तरी यायची, दिवाळी झाली तरी यायची. हिमायतनगरहून, उदगीरहून, कुठून कुठून. ज्यांनी बाबांना उभ्या आयुष्यात एकदा पाहिलं होतं तेही येऊन दोन-दोन तास बसायचे. आई आत चहा करायची. बाहेर कुणीतरी सांगत असायचं की त्यांचा मेहुणा कसा याच आजाराने गेला आणि कसा याहून जास्त हाल होऊन गेला. आईच्या डोळ्यांत पाणी आलंच तर पाच बायका एकदम म्हणायच्या, "आवर गं, आवर, पोरीकडं बघ." मग आई आवरायची आणि कपबशा मोजायला आत जायची.

दुखवट्याचे टॉवेल आणि टोप्या मात्र इतक्या जमल्या की कपाटाचा एक कप्पा त्यांनी भरला. टोपी घालायला घरात पुरुष उरला नव्हता. त्यामुळे ज्याने त्याने आणलेली टोपी लातूरहून आलेल्या काकांच्या डोक्यावर ठेवली. एकापाठोपाठ इतक्या टोप्या डोक्यावर आल्यावर कुठल्याही माणसाला आपण घराण्याचे प्रमुख झालो असं वाटणारच. काकांना तेराव्याच्या संध्याकाळपर्यंत तसं वाटायला लागलं होतं.

या भेटायला येणाऱ्या लोकांकडून मी एक गोष्ट शिकले. माणूस मेला की त्याच्या आवडीनिवडी वाढत जातात. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. हयातीत त्यांना दोनच गोष्टी आवडायच्या, भाताचा खरपूस खालचा थर आणि दुपारची झोप. पण मरणानंतर त्यांना भजन आवडू लागलं, लहान मुलं आवडू लागली, समाजकार्य आवडू लागलं. एका मावसकाकांच्या सांगण्याप्रमाणे त्यांना कुस्तीही आवडायची. आणि अकराव्या महिन्यात काकांनी जाहीर केलं की दादाला टेनिस लई आवडायचं.

यात थोडं तथ्य होतं, म्हणून मला जास्त राग आला. बाबा दुपारी जेवून टीव्हीवर टेनिस लावायचे आणि झोपायचे. क्रिकेट लावलं तर समालोचक ओरडतात, बातम्या लावल्या तर सगळेच ओरडतात. टेनिसमध्ये चेंडू चालू असेपर्यंत सगळे गप्प बसतात, हा शोध त्यांना निवृत्तीनंतर लागला. मग उन्हाळ्याच्या भर दुपारी कूलरची घरघर आणि तो 'टक्... टक्...' असा आवाज यांच्यामध्ये ते गाढ झोपायचे. मी चॅनल बदलला तर डोळे न उघडता म्हणायचे, "राहू दे ना, बघतोय." मी शेजारी पुस्तक वाचत बसायचे. त्यामुळे न बघता, नुसत्या कानांनी मला टेनिस येत होतं. कोण कुठे उभं आहे, कोण दमलंय, गुण कुणाला मिळणार, हे आवाजावरून कळायचं. पण बाबांना कुठल्याही खेळाडूचं नाव सांगता आलं नसतं. त्यांना ते लोक झोप लागण्यापुरते लागायचे.

काकांच्या योजनेमागचा विचार मात्र मी मान्य केला पाहिजे. स्थळ उदगीरचं, पण पुण्यात स्थायिक झालेलं. मुलगा एका मोठ्या कंपनीत. पाहण्याचा कार्यक्रम करायचा कुठे, हा प्रश्न होता. आमच्या घरी नाही, कारण दुखवट्याच्या घरात मुलाची आई पाऊल ठेवणार नव्हती. काकांच्या घरी नाही, कारण सख्ख्या भावाचं वर्ष, म्हणजे तेही दुखवट्याचंच घर. देवळात नाही, कारण वर्ष व्हायच्या आत आम्हीच देवळात जात नव्हतो. हॉटेलात भेटावं तर लोक म्हणणार, बापाचं वर्ष झालं नाही आणि हॉटेलं चाललीत. अशा वेळी मुलाने कळवलं की त्याच्या कंपनीला टेनिस स्पर्धेचे पास मिळालेत. काकांना तिथे दैवी संकेत दिसला. टेनिसचं मैदान हे घर नाही, देऊळ नाही, हॉटेल नाही. आणि कुणी विचारलंच, तर दादाला टेनिस आवडायचं म्हणून पोरीला नेलं.

"म्हंजे कुणाच्या तोंडाला तोंड द्यायचं कामच न्हाई," काका फोनवर म्हणाले. "आणि तिथल्या तिथं हाव का न्हाई सांगून टाकायचं. मुहूर्त दोनच उरलेत वर्षात."

आईने यावं असं मला वाटत होतं. पण काकूंनी तिला आधीच फोन केला होता. "अक्का, तुम्ही कशाला? लई दगदग हुती प्रवासाची." नवरा गेलेली बाई शुभ कामाच्या वेळी समोर नको, याला आमच्याकडे दगदग म्हणतात. आई मला एवढंच म्हणाली, "जाऊन ये. काय ते तूच ठरव. मला आता कुणाशी बोलत बसायचं त्राण नाही."

मी लोहा-अहमदपूर करत एसटीने लातूरला गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे काका, काकू आणि मी गाडीने निघालो. काकूंनी दशम्या, शेंगाची चटणी आणि रव्याचे लाडू असा डबा भरला होता. मुरूड मागे पडल्यावर काकांनी विचारलं, "किती वेळ चालतं गं हे टेनिस?"

"दोन तास. कधी तीनसुद्धा."

"आणि मधी उठता येतंय का?"

"चेंडू चालू असताना नाही उठू देत."

काकांनी आरशातून माझ्याकडे समाधानाने पाहिलं. "बघ, म्हंजे कुणाला मधनं उठून जाता येणार न्हाई. कांदेपोह्याला पंधरा मिनिटांत उठतेत लोकं. इथं तीन तास पक्के."

"मधी चहा तरी देतेत का?" काकूंनी विचारलं.

पुण्यात फाटकापाशी पहिला सेट आमचा आणि सुरक्षारक्षकाचा झाला. बाहेरचं खाणं आत न्यायची परवानगी नाही, असं तो म्हणाला.

"हे खाणं न्हाई, बाळा," काकू म्हणाल्या. "प्रवासाचं हाय हे."

"मॅडम, डबा इथे ठेवावा लागेल."

"अरं पण उघडून तर बघ. शेंगाची चटणी हाय. तू कुठला?"

तो बिचारा कुठला तरी निघाला, आणि तिथे काकूंच्या चुलत बहिणीची सोयरिकही निघाली. तरीही डबा आत गेला नाही. काकांनी त्याला बजावलं की आम्ही साधेसुधे प्रेक्षक नाही, पाहण्याच्या कार्यक्रमाला आलोय. रक्षकाने माझ्याकडे आदराने पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

मुलगा आणि त्याची आई आत आधीच बसले होते. मुलाची आई अंगभर शाल घेऊन, गॉगल लावून, अगदी पुणेरी बोलत होती. "या ना, या. प्रवास छान झाला ना? इथलं वातावरण फार प्रसन्न आहे, नाही का?" काकांनी माझी ओळख करून दिली, "प्राध्यापक हाय आमची पोरगी." मी ग्रंथालयात असते, असं मी म्हटलं. "तेच ते," काका म्हणाले.

आणि मग सगळे बसले, आणि काकांच्या योजनेतली चूक उघड झाली.

पाहण्याच्या कार्यक्रमात माणसं समोरासमोर बसतात. इकडे एक सोफा, तिकडे एक सोफा, मध्ये पोह्यांचं टीपॉय, आणि मुलगी सगळ्यांना दिसेल अशा खुर्चीत. सगळा विधी त्या समोरासमोर असण्यावर उभा आहे. स्टेडियममध्ये मात्र सगळे एका रांगेत, एकाच दिशेला तोंड करून बसतात. एका टोकाला मुलाची आई, मग मुलगा, मग काका, मग काकू, दुसऱ्या टोकाला मी. मर्यादा म्हणून मुलगा आणि मी शेजारी बसायचं नव्हतं. त्यामुळे मुलाच्या आईला मी दिसतच नव्हते. तिला माझ्या गुडघ्याचा काही भाग आणि पर्स दिसत असावी.

तिने हार मानली नाही. ती पुढे वाकली. मग काकूही पुढे वाकल्या, आपण मध्ये येतोय हे न कळून. मग ती मागे रेलली, तर काकाही मागे रेलले. खाली कोर्टवर चेंडू डावीकडे गेला की हजारो माणसांच्या माना डावीकडे वळत, उजवीकडे गेला की उजवीकडे. त्या सगळ्या स्टेडियममध्ये एकच बाई चेंडू कुठेही असला तरी माझ्याकडे बघत होती.

तिचे प्रश्न रांगेतून यायचे. ती मुलाला सांगायची, मुलगा काकांना, काका काकूंना, काकू मला. उत्तर तसंच परत जायचं. वाटेत त्याची बरीच डागडुजी व्हायची.

"स्वयंपाक येतो का, म्हणतेत."

"येतो बेताचा."

काकूंनी काकांना सांगितलं, "येतो." काकांनी मुलाला सांगितलं, "सगळा येतो." मुलाने आईला काय सांगितलं कळलं नाही, पण ती फार खूश दिसली.

गुण चालू झाला की पंच माइकवरून गप्प बसायला सांगायचा, आणि प्रश्न जिथे असेल तिथे थांबायचा. एकदा 'पगार' हा शब्द काकांपाशी अडकला तो तब्बल एक गेम तिथेच राहिला.

मुलगा वाईट नव्हता. त्याला टेनिसची खरंच हौस होती. पण त्याने ठरवून टाकलं होतं की मराठवाड्यातल्या मुलीने टेनिस पाहिलेलं नसणार. दोन गेमच्या मध्ये, खेळाडू खुर्चीवर बसून केळं खात असताना, तो काका-काकूंच्या पलीकडून मला टेनिस शिकवायला लागला. "म्हणजे कसं असतं, पहिला पॉइंट झाला की पंधरा होतात. दुसरा झाला की तीस. मग पंचेचाळीस."

"चाळीस," मी म्हटलं.

"हां, चाळीस. पण तसं बघितलं तर पंचेचाळीसच."

आमच्याकडे पुरुषाची चूक सुधारली की ती अशी 'तसं बघितलं तर' बरोबर होते. काकूंनी माझ्या हातावर हलकेच चापट मारली आणि कानात म्हणाल्या, "काय गं माय, एवढं तर खपवून घे."

काकांना खेळात रस वाटू लागला होता, पण त्यांच्या पद्धतीने. एक उंच, पोरसवदा परदेशी खेळाडू सर्व्ह करत होता. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कोणच्या गावचा हाय हा?" मुलाने देश सांगितला. "बारावीला किती असतील ह्याला?" मुलाने सांगितलं की हे लोक शाळा लवकर सोडतात. काकांच्या चेहऱ्यावर त्या खेळाडूबद्दल जी करुणा उमटली, तशी बाबांच्या तेराव्यालाही मी पाहिली नव्हती.

मी मात्र हळूहळू त्या सगळ्यातून बाहेर पडत होते. टीव्हीवर ऐकलेला आवाज आणि हा आवाज वेगळा होता. हा जड होता, पायाखालच्या सिमेंटपर्यंत यायचा. आणि प्रत्येक गुणाआधी ती शांतता. हजारो माणसं, त्यातली निम्मी मोबाइल हातात घेतलेली, निम्मी फुकटच्या पासवर आलेली, पुढच्या रांगेतली तर नुसते फोटो काढायला आलेली. आणि ही सगळी माणसं एका चेंडूसाठी तोंड बंद करायची. अकरा महिन्यांत आमच्या घरी आलेल्या एकाही माणसाला हे जमलं नव्हतं. माणसाला मरणापुढे गप्प बसता येत नाही, सर्व्हिसपुढे येतं, हे बघून मला हसू आलं आणि रडूही. दोन्ही मी आवरलं, सवयीने.

दुसऱ्या सेटमध्ये एक गेम फार लांबला. दोघेही सारखे बरोबरीला येत होते. कुणी एक पाऊल पुढे गेला की दुसरा त्याला मागे ओढायचा. स्टेडियम आता खऱ्या अर्थाने गप्प झालं होतं. तो उंच मुलगा सर्व्ह करायला उभा राहिला, चेंडू जमिनीवर आपटू लागला. आणि काकांचा फोन वाजला.

फोनवर भूपाळी होती, पूर्ण आवाजात. काकांना ती बंद करता येईना, म्हणून त्यांनी फोन उचलला. आणि फोन उचलल्यावर बोललं नाही तर समोरच्याला वाईट वाटतं.

"हां, बोला. टेनिसला बसलोय... टेनिस, टेनिस. पुण्याला... हाव, पोरगीबी हाय."

खेळाडूने चेंडू आपटायचं थांबवलं. पंच माइकवरून काहीतरी म्हणाला. खालच्या सगळ्या रांगांनी मागे वळून पाहिलं. मुलाच्या आईचं दोन तासांचं कष्टाचं काम एका क्षणात साऱ्या स्टेडियमने केलं. सगळ्यांना मी नीट दिसत होते.

काकांनी आवाज कमी केला, म्हणजे त्यांना तसं वाटलं. "हॉल धरून ठेवा ना. सोडू नका. पाच तारीख पक्कीच समजा... न्हाई, न्हाई, पोरीचं काय इचारायचं? झाल्यातच जमा हाय. पत्रिका छापायला टाकल्या तरी चालतंय."

लातूरच्या मंगल कार्यालयाचा फोन होता. म्हणजे मी पुण्याला यायच्या आधीच माझी तारीख ठरली होती. इथे फक्त माझ्या गुडघ्याचं आणि पर्सचं दर्शन व्हायचं होतं.

मी फारशी बोलत नाही. बोलले तरी माझा आवाज बारीक आहे, घरातल्या गडबडीत तो कधी कुणापर्यंत पोचला नाही. त्या दिवशीही मी हळूच बोलले, नेहमीसारखीच. पण तिथे दुसरं कुणी बोलत नव्हतं.

"काका, त्यांना तारीख सोडून द्यायला सांगा. मला बाबांचं वर्ष पूर्ण करायचंय. त्याच्या आत मी लग्न करणार नाही. याच्याशी नाही, कुणाशीच नाही."

ते आमच्या रांगेने ऐकलं, पुढच्या दोन रांगांनी ऐकलं, आणि मला वाटतं, मंगल कार्यालयानेही ऐकलं, कारण फोन पलीकडून बंद झाला. पुढच्या रांगेतली एक मुलगी फोटो काढायचं थांबून माझ्याकडे बघत राहिली. पंच पुन्हा एकदा म्हणाला, कृपया शांतता राखा.

मुलाच्या आईने गॉगल काढला. त्याबरोबर तिची पुणेरी भाषाही गेली. "आवं, मग आमाला बलावलं कशाला? सकाळधरनं उन्हात बसून राहिलो आमी! तीन-तीन वर्षं थांबायला आमचं पोरगं काय रिकामं हाय?" ती ताडकन उठली. मुलाने तिची पर्स उचलली. काकू उठल्या. काका उठले.

पण जिन्यापाशी गळ्यात ओळखपत्र घातलेली एक स्वयंसेवक मुलगी उभी होती. तिने हात आडवा केला. गेम चालू आहे, संपेपर्यंत बसा.

"आम्हाला जायचंय," मुलाची आई म्हणाली.

"गेम संपला की जा, काकू. आत्ता बसा प्लीज."

रागाने निघून जायची सोय टेनिसमध्ये नाही. अपमान झालेली सगळी मंडळी पुन्हा आपापल्या जागी बसली, त्याच क्रमाने. आणि तो गेम संपेना. बरोबरी, मग पुढे, मग पुन्हा बरोबरी. प्रत्येक वेळी चारही जण अर्धवट उठायचे आणि परत बसायचे. काका समोर बघत दात-ओठ खात होते. काकू पदराने डोळे पुसत होत्या, पण माझ्या लक्षात आलं की त्या एका डोळ्याने चेंडूकडेही बघत होत्या. मुलाला तर वाईट वाटायचंही सुचेना. तो गेम खरंच चांगला होता.

शेवटी तो संपला. मंडळी उठली. मुलगा माझ्याजवळून जाताना क्षणभर थांबला. "तुम्हाला टेनिस माहीत होतं ना?" त्याने विचारलं.

"थोडंसं. आवाजाने."

त्याला ते कळलं नसावं. तो आईच्या मागे निघून गेला. काका मला म्हणाले, "चल, ऊठ." मी म्हटलं, मॅच संपल्यावर येते. ते काहीतरी बोलणार होते, पण खेळाडू परत कोर्टवर आले आणि पंचाने शांतता मागितली. जिन्यापाशी उभी असलेली ती स्वयंसेवक मुलगी काकांना अदबीने बाहेर घेऊन गेली.

चार रिकाम्या खुर्च्यांशेजारी बसून मी ती मॅच शेवटपर्यंत पाहिली. तो उंच मुलगा हरला. मला त्याचं नाव आज आठवत नाही.

परतीच्या प्रवासात काकांनी टेंभुर्णीपर्यंत गाडी दामटली. मग काका एकच वाक्य बोलले, समोरच्या रस्त्याला उद्देशून, "दादाचं नाक कापलंस." काकूंनी रक्षकाकडून परत मिळवलेला डबा उघडला आणि मागे न बघता एक दशमी माझ्याकडे दिली. मला भूक लागली होती. मी खाल्ली.

पुढचं काम काकांनी केलं, आणि ते त्यांनी मनापासून केलं. नांदेड, लातूर, उदगीर, हिमायतनगर, जिथे जिथे आमचं कुणी आहे तिथे तिथे त्यांनी फोन करून सांगितलं की पोरगी फटकळ निघाली, भर स्टेडियमात मोठ्या माणसाला बोलली, आणि आईचीच फूस दिसते. हे ऐकून लोकांना आमच्याकडे येणं जड झालं. जे रोज येत होते ते आठवड्याने यायला लागले, मग यायचेच बंद झाले. एका बाईने आईला रस्त्यात बघून रस्ता बदलला. आईने ते मला सांगितलं, तक्रार म्हणून नाही, नुसतंच.

आणि वर्ष संपायला थोडेच दिवस उरलेले असताना आमचं घर शांत झालं. चहाचं मोठं पातेलं आईने घासून माळ्यावर टाकलं. दारावर कुणाची थाप नाही, बाहेरच्या खोलीत कुणाचा मेहुणा नाही. आम्ही दोघी दुपारी आतल्या खोलीत तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसायचो.

अशाच एका दुपारी आई रडायला लागली. आधी मला वाटलं, शिंक आली असेल. अकरा महिन्यांत तिला मी असं रडताना पाहिलं नव्हतं. तिला कधी वेळच मिळाला नव्हता. सतत कुणीतरी चहाला यायचं, आणि कुणीतरी आवर म्हणायचं. आता आवर म्हणायला घरात कुणी नव्हतं. मीही म्हटलं नाही. ती बराच वेळ रडली, मोठ्याने, हातातली शेंग तशीच धरून. मी सोलत राहिले.

मग पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "मुलगा कसा होता गं?"

"बरा होता. शिकवायचा फार."

आईला हसू आलं. "तीन वर्षं थांबावं लागेल आता तुला," ती म्हणाली.

"थांबते."

तिने एक मूठ शेंगा माझ्यासमोर सरकवल्या. "बरं केलंस," ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली. या वेळी मीही.